वजनकाटा माझ्याकडे वळवणाऱ्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

परवा फोनवर नुसतं ‘थँक्यू’ म्हणाले, पण मन भरलं नाही. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आवडीचं खाणं सुटत नाही म्हणून मनातल्या मनात खचलेली माणसं खूप आहेत. तुमच्यासारखंही कुणी असतं, हे त्यांना कळायला हवं.

तुमच्याकडे येण्याआधी मी बऱ्याच आहारतज्ज्ञांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे छापील कागद तयार आणि गोडावर फुली. एका ठिकाणी तर माझं वजन बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं आणि वर विचारलं, “जिभेवर ताबा नाही का तुमचा?” त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही, आणि तो गेला पाहिजे असंही मला वाटत नाही. जे प्रेमाने बोलले त्यांनी तरी काय दिलं? ‘थोडंसं खा’, ‘चमचाभर चालेल’. थोडंसं म्हणजे किती? चमचा सपाट की शिगोशीग? पीनट बटरचा मोठा सपाट चमचा १६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण ९५ कॅलरी. शीग लावली की सहज दुप्पट. एवढा मोठा फरक, आणि तुमच्याआधी एकानेही तो दाखवला नव्हता.

तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, “सगळ्यात जास्त काय आवडतं?” मी चाचरत चॉकलेट म्हणाले. तुम्ही खणातून स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा काढलात, त्यावर वाटी ठेवून आकडा शून्यावर आणलात आणि मग काटा असा फिरवलात की आकडा माझ्या बाजूला आला. “तुम्हीच तोडा, तुम्हीच वाचा.” मी एक तुकडा टाकला, मग अजून अर्धा. २० ग्रॅम, म्हणजे ११० कॅलरींच्या आत-बाहेर. “आता इथेच बसून सावकाश खा,” म्हणालात. मी खात असताना माझ्याकडे बघत बसला नाहीत. स्वतःसाठीही तेवढाच तुकडा मोजून घेतलात.

ते काटा फिरवणं तुमच्या लक्षातही नसेल. पण तोवर प्रत्येक काट्यावरचा माझा आकडा दुसऱ्याच कुणीतरी वाचला होता आणि मला ऐकवला होता. माझ्या खाण्याचा हिशेब मला ठेवता येईल, असं धरून चालणाऱ्या तुम्ही पहिल्या. माझे डोळे भरून आले तेव्हा तुम्ही पाण्याचा पेला पुढे सरकवलात आणि काहीही विचारलं नाहीत. हे लिहितानाही घसा दाटून येतोय.

घरातलं मोजणं आता अंगवळणी पडलंय. तुमची बरणीची युक्ती तर मी भेटेल त्याला सांगते: अख्खी बरणी काट्यावर ठेवायची, शून्य करायचं आणि चमच्याने काढून घ्यायचं. उणे दिसतो तो आकडा म्हणजे आपण घेतलं तेवढं. आइस्क्रीमच्या डब्यावर माप मिलीमध्ये असतं आणि काटा दाखवतो ग्रॅम. त्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे १०० मिलीचं वजन १०० ग्रॅमपेक्षा बरंच कमी भरतं, हे आता मुलांनाही पाठ झालंय. केक भाजून झाल्यावर वजन करायचं, कारण पाणी उडून जातं, कॅलरी नाही. आता तुकडा ताटलीत येतो, चवीने खाल्ला जातो आणि संपतो. मागोमाग येणारं ते अपराधीपण येत नाही. किती वर्षांनी, काय सांगू!

आणि एक गोष्ट, जी तुम्ही सहज बोलून गेलात. “कुणाकडे जेवायला गेलात तर काटा विसरा, आणि आकड्यांनी झोप उडायला लागली तर मोजणं थांबवून आधी मला फोन करा.” ज्यांच्यापुढे माणसं खाली मान घालून बसतात, असे किती तरी लोक असतात. डॉक्टर असोत, शिक्षक असोत, खिडकीपलीकडचा कारकून असो. आवाज न चढवता, समोरच्याला लाज न वाटू देता आपलं काम चोख करणारी माणसं त्यांच्यात भेटतात, आणि त्यांचं कौतुक फारसं कुणी करत नाही. त्यांना पुरस्कार नसतात. निदान पत्र तरी मिळावं.

पुढच्या आठवड्यात धाकट्या बहिणीला तुमच्याकडे पाठवतेय. ती बुजरी आहे, आइस्क्रीम आवडतं हे कुणाला सांगत नाही. तुम्ही ते विचाराल, आणि विचारलंत की खरं सांग, असं तिला बजावून ठेवलंय.

तुमची ऋणी,
तुमचीच एक पेशंट