रविवार सेवकांच्याही वाट्याला यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे लावून धरल्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली. आज मात्र आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा करणारी दहा-बारा माणसे तरी अशी असतात, की रविवार हाच त्यांचा सर्वांत धावपळीचा दिवस. आठवडाभर नोकरी, आणि रविवारी साडेसातपासून चर्चची चावी, माईक, संडे स्कूल, दानाची मोजणी, दुपारी कमिटी. पाच-सहा वर्षांनी अशी माणसे एकदम सगळेच सोडतात. मग मंडळीत कुजबुज होते, "विश्वासात थंड पडले." बहुतेक वेळा विश्वास शाबूत असतो, अंगात त्राण उरलेले नसते.

यावर आणखी एक प्रवचन करून भागणार नाही. पाळीचा तक्ता बसवावा लागेल. मध्यम मंडळीत रविवारच्या आठ जागा धरू या: दार उघडून बाके पुसणारा एक, माईकवर एक, स्वागताला एक, पेटी वाजवायला एक, संडे स्कूलला दोन आणि दान मोजायला दोन. वर्षाचे 52 रविवार म्हणजे 416 पाळ्या. त्या बारा जणांवर पडल्या तर प्रत्येकाला जवळपास 35 येतात. बत्तीस जणांत वाटल्या तर 13, म्हणजे चार रविवारांतून एक. उरलेले तीन रविवार त्याने घरच्यांसोबत बाकावर बसून उपासना करावी. विसावा म्हणजे उपासनेला दांडी नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पेटी वाजवणारा एकच असेल, तर महिन्यातून एक रविवार टाळ-झांजेवर गावे. सूर थोडा घसरेल, पण देवाची स्तुती अडत नाही.

बत्तीस माणसे आणायची कुठून? ती बाकांवरच बसलेली आहेत, काही तर वीस-वीस वर्षे. "ज्यांना सेवा करायची असेल त्यांनी पुढे यावे" अशी व्यासपीठावरून सूचना केली की पुन्हा तेच बारा हात वर होतात. त्याऐवजी एकाच व्यक्तीला घरी जाऊन विचारावे, काम एकच, वेळ ठरलेली, शेवटची तारीख आधीच सांगितलेली: "जून ते नोव्हेंबर, महिन्यातला दुसरा रविवार, सव्वाआठ ते साडेदहा, दारात स्वागत." लोक कामाला भीत नाहीत, ते कधीच न सुटणाऱ्या कामाला भितात. नव्या माणसाने पहिल्या दोन वेळा जुन्यासोबत उभे राहावे, तिसऱ्यांदा जुन्याने बाकावर बसावे. आणि तिथून खुणा करू नयेत!

तक्ता मोडतो तो दोन-तीन ठरलेल्या ठिकाणी. शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर "उद्या जमणार नाही" असा निरोप येतो आणि पुन्हा जुनाच माणूस धावतो. म्हणून प्रत्येक नावापुढे बदली माणसाचेही नाव लिहावे आणि अदलाबदल त्या दोघांनीच करावी, सेक्रेटरींनी नव्हे. दुसरी अडचण एकाच माणसाच्या डोक्यात बसलेल्या माहितीची. ॲम्प्लिफायर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. बटणे नेमकी कुठवर फिरवायची ते एकालाच ठाऊक असते, म्हणून तो आजारी असला तरी येतो. प्रत्येक बटणाशी पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा, कोणती वायर कुठे जाते याचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा, आणि चाव्यांचे तीन जुडगे तीन घरी ठेवावेत. एवढ्याने एका माणसाचे वर्षातले कितीतरी रविवार मोकळे होतात.

संडे स्कूलच्या शिक्षिकांकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. वर्ग उपासनेच्याच वेळी असेल, तर त्या कित्येक महिने प्रवचन ऐकत नाहीत. मुलांना त्या दर रविवारी भरवतात, त्यांचे स्वतःचे ताट रिकामे. वर्ग उपासनेआधी पाऊण तास घ्यावा, किंवा शिक्षकांच्या दोन जोड्या करून महिना-महिना आलटावे. प्रीतिभोजनाचेही, म्हणजे मंडळीच्या सहभोजनाचेही, तसेच. स्वयंपाक आणि भांडी दोन्ही बायकांकडे असतील, तर त्यांचा तो रविवार संपलाच. भांडी तरुण संघाने घासावीत.

पाळकसाहेबांना रविवारी सुट्टी नाहीच, म्हणून सोमवार त्यांचा. त्या दिवशी फोन सेक्रेटरींनी घ्यावा. अंत्यविधी आला तर पाळक जाणारच, पण मग त्याच आठवड्यात दुसरा दिवस द्यावा, पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

डिसेंबर वेगळा धरावा. नाताळगीतांच्या फेऱ्यांसाठी वस्त्यांप्रमाणे गट करावेत, एका गटाला दोनच रात्री. लाउडस्पीकर रात्री दहाला कायद्यानेच बंद होतो. गाणाऱ्यांनीही दहाला घरी निघावे. 31 डिसेंबरची उपासना आणि नववर्षाची उपासना झाली की जानेवारीचे पहिले दोन आठवडे एकही बैठक ठेवू नये.

हे सारे पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जागोजागी आहे. दहा आज्ञा येण्याच्या दोनच अध्याय आधी इथ्रो आपला जावई मोशे याला बजावतो, तू थकशील आणि लोकही थकतील, कामे वाटून दे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत दास, दासी, गुरेढोरे आणि उपरी यांचीही नावे आहेत. गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेव्यांनी, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांनी, पन्नाशीनंतर सेवेतून मोकळे व्हावे आणि भाऊबंदांना मदत करावी असे लिहिले आहे. वीस वर्षे खजिनदार राहिलेल्या वडीलधाऱ्यांना असे मानाने मोकळे करण्याची रीत आपल्याकडे नाही. ते पद सोडत नाहीत अशी तक्रार होते. पण सोडल्यावर त्यांना कुणी विचारत नाही, हेही खरे आहे. नव्या खजिनदाराने वर्षभर त्यांच्या शेजारी बसून वह्या शिकाव्यात.

वार्षिक सभेच्या अहवालात किती सभा झाल्या, किती दान जमले हे छापले जाते. त्यात यंदा एक रकाना वाढवावा, अशी सर्व मंडळ्यांच्या कमिट्यांना कळकळीची विनंती आहे: प्रत्येक सेवकाला वर्षात किती रविवार मोकळे मिळाले. ज्याच्या नावापुढे शून्य असेल, त्याच्या घरी पाळकसाहेब आणि सेक्रेटरींनी त्याच आठवड्यात जावे.

आपला,
मराठी मंडळीतील एक सेवक, अहिल्यानगर