सोडलेल्या पुस्तकांचाही रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्ष सरताना आपल्या पुरवणीत वाचकांच्या याद्या येतात: यंदा मी इतकी पुस्तकं वाचली. मी त्या आवडीने वाचतो, पण त्यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. तक्रारीआधी माझा स्वतःचा हिशेब मांडतो, कारण तो फारसा स्वच्छ नाही.

जन्मभर हिशेबनिसाची नोकरी केलेला माणूस आहे मी. गेल्या १ जानेवारीला नातीने बजावलं, "आजोबा, आठवड्याला एक, वर्षाची ५२. जमेल?" मी ताबडतोब वही आखली. सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, पुस्तक, पानं आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सर्वांत अरुंद होता. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

फेब्रुवारीअखेर मी वेळापत्रकाच्या दोन पुस्तकं पुढे होतो. त्याचं गुपित असं, की कपाटापुढे उभं राहून मी पुस्तकाचं नाव बघण्याआधी त्याची जाडी बघायचो. शेरे वाचवत नाहीत. "ठीक." "बरं." एका चरित्रापुढे नुसतं "वाचलं". त्यातलं आज मला काही म्हणजे काही आठवत नाही. चरित्र कुणाचं होतं ते मुखपृष्ठावर छापलंय म्हणून बरं.

मात्र बारीक म्हणून उचललेल्या पुस्तकांनीच पुढे माझी कोंडी केली. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९) मी विशीत एका रात्रीत संपवलं होतं. हॅर्टा आणि चक्रधर, बोटीवरचं प्रेम, संपलं. या वेळी त्याला अकरा दिवस लागले. त्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू माणसं आहेत, आणि तेव्हा मी त्यांना कोपराने बाजूला सारत नायक-नायिकेमागे धावलो होतो. पुस्तक आलं त्या वर्षी महायुद्ध जेमतेम पेटलं होतं. पुढे युरोपात काय झालं ते मला ठाऊक आहे, लिहिणाऱ्याला ठाऊक असणं शक्य नव्हतं. साध्या साध्या संवादांपाशी मी पुस्तक मिटून बसत होतो. शेरा लिहिलाच नाही.

टॉलस्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू'ने (१८८६) तर पहिल्याच प्रकरणात गाठलं. इव्हान इलिच गेल्याची बातमी कचेरीत येते, आणि सहकाऱ्यांच्या मनात आधी येतं ते असं, की आता त्याच्या जागी कोण, आणि मग आपली बढती? मी हसलो. मग हसू थांबलं. आमच्या खात्यातले एक वरिष्ठ अचानक गेले, त्या सकाळी मी मनातल्या मनात सेवाज्येष्ठतेची यादी उघडली होती. दोन मिनिटांसाठी असेल, पण उघडली होती. ही गोष्ट मी कधी घरीही बोललो नव्हतो. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर ती सगळी लिहून काढली. माझा पहिला खरा शेरा तो.

गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'कडे (१९०७) मी सत्तावन्नचं बंड वाचायला गेलो आणि अडकलो भलतीकडेच. घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून हा गृहस्थ उत्तरेला निघतो, झाशीच्या वेढ्यात सापडतो, लुबाडला जातो, आणि शेवटी गंगाजलाची कावड घेऊन घरी येऊन आईवडिलांना स्नान घालतो. जमाखर्च मांडला तर प्रवास साफ तोट्यात. पण मला तो तोट्यात दाखवता येईना.

तोवर जून उजाडला होता आणि मी नऊ पुस्तकं मागे पडलो होतो. तेव्हा एक गोष्ट केली. एका कादंबरीची शेवटची ऐंशी पानं न वाचताच "संपवलं"ची तारीख टाकली. नोकरीत कधी खोटी नोंद केली नाही. निवृत्तीनंतर केली, आणि तीही कुणी तपासायला येणार नसताना. पंधरा दिवसांनी ती नोंद लाल शाईने खोडली. ऐंशी पानं आजही वाचलेली नाहीत, वाचणारही नाही.

मग चिडून, मुद्दामच, घरातलं सर्वांत जाड पुस्तक काढलं: 'डॉन क्विक्झोट', इंग्रजी अनुवाद. पहिला भाग १६०५चा. त्यात सँचो आपल्या धन्याला एक गोष्ट सांगतो. एका धनगराला तीनशे बकऱ्या नदीपार न्यायच्या आहेत, होडीत एका वेळी एकच मावते. सँचो सांगतो, किती पलीकडे गेल्या ते नीट मोजा. धनी वैतागतो, समज सगळ्या गेल्या, पुढे सांग. सँचो विचारतो, किती झाल्या? धन्याने मोजलेल्याच नसतात. झालं, गोष्ट तिथेच संपली! मी इतका मोठ्याने हसलो की सून बघायला आली. हसताना समोर वही उघडी होती.

दुसरा भाग १६१५चा. त्यातल्या लोकांनी पहिला भाग वाचलेला आहे आणि ते सँचोची चक्क हिशेबतपासणी करतात. चोरीला गेलेलं तुझं गाढव मधेच परत कसं आलं? सापडलेल्या शंभर सोन्याच्या नाण्यांचं काय केलंस? गाढवाबद्दल तो म्हणतो, लिहिणाऱ्याची चूक असेल नाहीतर छापणाऱ्याची. नाणी बायकापोरांवर खर्च झाली. माझ्या कारकिर्दीत याहून वाईट खुलासे मी मंजूर केलेले आहेत.

आता तक्रार. आपण छापता त्या सगळ्या याद्या पुऱ्या केलेल्या पुस्तकांच्या असतात. सोडलेल्यांची नोंद कुणीच देत नाही, आणि माझ्या वहीत वाचण्याजोगं काही असेल तर ते तिथेच आहे. यशाचे मंत्र देणारं एक पुस्तक ४१व्या पानावर सोडलं, एकच गोष्ट तिसऱ्यांदा आली म्हणून. एक कादंबरी चांगली होती, तरी १३२वर थांबलो. त्यात एक मूल आजारी पडतं, आणि पुढे काय होणार ते मला वाचायचं नव्हतं. एक कवितासंग्रह कोणत्या रकान्यात घालावा तेच कळलं नाही. कविता संपवतात म्हणजे काय करतात? तो उशाशी आहे.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या डिसेंबरात वाचकांकडून हेही मागवा: कोणतं पुस्तक सोडलंत, कितव्या पानावर आणि का. पानाचा आकडा जरूर मागा, म्हणजे थापा कमी येतील.

माझी यादी सोबत जोडली आहे. पुरी ३१, सोडलेली ३, खोडलेलं १, आणि 'क्विक्झोट' अजून चालू. छापलीत तर लाल शाईच्या नोंदीसकट छापावी.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस