सुट्टीच्या पुस्तकयादीत विज्ञानकथा का नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत मुलांनी काय वाचावे, याची यादी आपल्या रविवार पुरवणीत आली. तीत चरित्रे आहेत, बोधकथा आहेत, सामान्यज्ञानाची पुस्तकेही आहेत. पण विज्ञानकथा एकही नाही, आणि अद्भुत म्हणून फक्त ‘हॅरी पॉटर आणि परीस’. ते पुस्तक मुलांना आवडतेच. पण मराठीत यापलीकडे काही नाही, असा समज त्यातून होतो आणि तो साफ चुकीचा आहे. बालवाचनालयात मुलांच्या हाती रोज पुस्तके देणाऱ्यांच्या वतीने थोडे लिहितो.

पालकांची पहिली चूक म्हणजे थेट कादंबरी देणे. पाचवी-सहावीतले मूल तिसाव्या पानाशी अडखळते, पुस्तक उशाशी पडून राहते आणि ‘विज्ञानकथा अवघड असतात’ हे मनात पक्के बसते. एका बैठकीत संपेल अशी कथा आधी द्यावी. जयंत विष्णू नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. (आद्याक्षरे उलटी वाचा म्हणजे नावामागची गंमत कळेल, मुलांना ती फार आवडते.) तिथून पुढच्या त्यांच्या कथा हे या वयासाठी सर्वांत भक्कम दार आहे.

कथा मात्र मुलाची आवड पाहून निवडावी. इतिहास आवडणाऱ्या आणि विज्ञानाला कंटाळणाऱ्या आठवी-नववीतल्या मुलाला ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ द्या. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर, या एका प्रश्नावर ती उभी आहे. तिचा इंग्रजी अवतार एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे. मराठी मुलाने ती मराठीत आधी वाचलेली असावी.

क्रिकेटवेड्याला ‘उजव्या सोंडेचा गणपती’ द्यावी. कथेत मैदानावरचा चमत्कार आणि मूर्तीची सोंड यांचे कोडे मोबियस पट्टीने सुटते. म्हणून कथा वाचून झाल्यावर, आधी नव्हे, पट्टी करायला बसावे. ३० सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद कागद घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि टोके जोडा. पट्टी रुंद घेतली तर पीळ बसत नाही, कागद चुरगळतो. चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी पूर्ण रुंदीभर लावावी, नाहीतर कापताना सांधा सुटतो. मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत गेले की हात न उचलता ती सुरुवातीला येऊन मिळते. त्या रेघेवरून कापले तर दोन कडी न होता एकच मोठे कडे होते. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घेऊन तिच्यावर डाव्या सोंडेचे छोटे चित्र पूर्ण फेरी होईपर्यंत गिरवत नेले, तर जागेवर परत येताना सोंड उजवीकडे वळलेली दिसते. लेखकाने मनाने काही घातलेले नाही, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी कळते.

भा. रा. भागवत म्हटले की लोक फास्टर फेणेवर थांबतात. त्यांनी मराठीत आणलेला फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न तितकाच महत्त्वाचा आहे. ‘चंद्रावर स्वारी’ देताना ‘यातले विज्ञान जुने झाले’ असे म्हणून पालक कचरतात. उलट ते जुनेपणच उपयोगी पडते. १८६५ च्या मूळ कादंबरीत माणसे ९०० फुटी तोफेतून चंद्राकडे उडवली आहेत. एवढ्या, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांबीत सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा, तर त्वरण गुरुत्वाच्या बावीस हजार पटींहून जास्त होते, माणसाचा चेंदामेंदाच. नववीचे सूत्र वापरून मूल हे स्वतः काढू शकते. रॉकेट टप्प्याटप्प्याने वेग का घेते, हे त्याला मग वेगळे शिकवावे लागत नाही.

‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ही असेच. धूमकेतूवर गेलेल्या माणसांच्या व्हर्नच्या मूळ कथेत हवा इतकी विरळ होते की पाणी ६६ अंशांना उकळते आणि अंडी काही लवकर शिजत नाहीत. लेहमध्ये पाणी साधारण ८८ अंशांना उकळते, म्हणून तिथे डाळीला कुकर हवाच, एवढे सांगितले की मूल स्वयंपाकघरात थर्मामीटर मागते.

अद्भुताचा ओघ धाकट्यांपासून सुरू करता येतो. विंदांची ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ ही मोठ्याने वाचायचीच कविता. रत्नाकर मतकरींची ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटके भूमिका वाटून घेऊन वाचावीत. चेटकिणीच्या वाट्यासाठी भांडणे होतात, ती होऊ द्यावीत. नारायण धारपांच्या भयकथा मात्र दहा वर्षांच्या मुलाला ‘गूढ’ म्हणून देऊ नयेत, त्या मोठ्यांसाठी आहेत. त्यांची विज्ञानकादंबरी ‘नेनचिम’ नववीनंतर चालेल. त्याच वयात नारळीकरांची ‘वामन परत न आला’ द्यावी. स्वतःसारखी यंत्रे घडवू पाहणाऱ्या बुद्धिमान यंत्राची ती गोष्ट आज अधिकच जवळची वाटते.

इंग्रजी माध्यमातली मुले कथेत नाही, शब्दांत अडतात. अवकाशयान, अणुभट्टी, किरणोत्सर्ग, प्रकाशवर्ष असे दहा-बारा शब्द पुठ्ठ्याच्या खुणेवर लिहून पुस्तकात ठेवावेत. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, काळ नव्हे. हा एक गोंधळ निस्तरला की अर्ध्या कथा सोप्या होतात. संक्षिप्त आवृत्त्या शक्यतो टाळाव्यात. त्यांत पाठलाग राहतो आणि ‘असे का झाले’ हे सांगणारी पानेच गळतात.

पुस्तके विकत घेणे जमत नसेल, तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. तालुक्याच्या वाचनालयात हवे ते शीर्षक मागणीच्या वहीत लिहून ठेवावे. वहीत नोंद नसली की खरेदीच्या वेळी त्या पुस्तकाची आठवण कोणालाच राहत नाही.

आपल्याला एक विनंती. मे महिन्यातल्या चारही रविवारी पुरवणीत एकेक विज्ञानकथा, संबंधितांच्या परवानगीने, पूर्ण छापावी. ‘क्रमशः’ नको, आठवडाभर थांबून पुढचा भाग शोधणारी मुले थोडीच असतात.

आपला,
एक बालवाचनालय कार्यकर्ता