भेकर, रॉबिन आणि खताचा ढीग

हेरफर्डशायर, इंग्लंड, 8 नोव्हेंबर

ती. बाबा व आईस,
सा. न. वि. वि.

परवा मध्यरात्री परसात भेकर ओरडलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. घटकाभर वाटलं, घरीच आहे, मागच्या डोंगरात ओरडतंय. अगदी तेच कुत्र्यासारखं भुंकणं, थांबून थांबून. इथलं भेकर मूळचं चीनचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वोबर्न ॲबी नावाच्या ठिकाणी एका सरदाराने ती आणून पाळली, त्यांतली काही निसटली, काही सोडली, आणि आता गावोगाव झालीत. वसंतात ट्यूलिपचे कोंब साफ करतात. मालकीणबाई चिडतात. मला मात्र त्याचा राग येतच नाही.

सकाळी वाफे खणायला घेतले की रॉबिन हजर. चिमणीएवढा पक्षी, छातीवर शेंदूर फासल्यासारखा. बाबा, तुमच्या नांगरामागून गायबगळे चालतात ना, तसाच हा माझ्या मागे. मी कंबर सरळ करायला थांबलो की फोर्कच्या, म्हणजे माती खणायच्या दातेरी अवजाराच्या, मुठीवर येऊन बसतो. रानात रानडुकराने माती उकरली की त्याच्यामागे किडे टिपायचे ही याची जुनी सवय, असं सांगतात. 2015 साली इथल्या लोकांनी मतं देऊन याला देशाचा पक्षी म्हणून निवडलं. या दिवसांत बाकी पाखरं गप्प असतात, हा मात्र गातो.

पण खरं सांगायचंय ते ऑगस्टातलं. खताच्या ढिगावर ऊब राहावी म्हणून टाकलेलं जुनं कार्पेट उचललं, तर खाली साप! दोन वितींचा, घासलेल्या समईच्या रंगाचा. फोर्क हातात होताच, वर उचललाही. तेवढ्यात तुम्ही आठवलात. उडवीत हात घालण्याआधी काठी आपटून तुम्ही जरा थांबता ना, तसा थांबलो. आणि त्याने डोळे मिचकावले. सापाला कुठली पापणी? गुडघ्यावर बसून नीट पाहिलं. आपल्या सापसुरळीचे पाय नाहीसे झाले तर कशी दिसेल, तशी ती. स्लो वर्म म्हणतात. बिनपायांची पालीच्या गोतातली. शेजारी चार पिल्लं, सोन्याच्या तारेसारखी, पाठीवर एकेक काळी रेघ. अंडी न घालता पिल्लंच देते ती. तिला मारणं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण ते मला नंतर कळलं. वाफ्यातल्या बिनशंखी गोगलगायी खाऊन ती माझंच काम करते. पूर्वी त्यांच्यासाठी इथे विषारी गोळ्या टाकायचे. त्यांतलं मेटाल्डिहाइड 2022 पासून बंद केलंय, हे फार बरं झालं. कार्पेट होतं तसं अलगद टाकलं. त्या दिवशी हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

म्हणूनच या 5 तारखेला मी हट्ट धरला. 1605 साली पार्लमेंट उडवायचा कट फसला, त्याची आठवण म्हणून त्या रात्री इथे होळीसारखा जाळ करतात. महिनाभर रचलेला फांद्या-पाल्याचा ढीग मी सकाळी मुळापासून हलवायला घेतला. मालकीणबाईंना ती उठाठेव वाटली. तळाशी नारळाएवढा पानांचा गोळा निघाला, आत हेजहॉग. अंगभर काटे, पण साळिंदराशी नातं नाही याचं. हिवाळा झोपून काढतो. पानं जरा बाजूला केली, तर काटे हळूहळू वर-खाली होत होते. श्वास चालू होता. पानांसकट उचलून लाकडांच्या थप्पीमागे ठेवला. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. आत जाऊन पाण्याची थाळी घेऊन आल्या.

आई, तू नागपंचमीला वारुळापाशी दूध ठेवतेस, तसं इथेही हेजहॉगला दूध-पाव ठेवायचे. पण त्याला दूध पचत नाही, जुलाब होतात. म्हणून पाणीच.

बाबा, उन्हाळ्यात भाजावळीआधी खालच्या कुणग्याच्या बांधावरचा पालापाचोळा एकदा काठीने हलवून घ्या. आणि विहिरीजवळची धामण यंदा दिसली का, तेवढं नक्की कळवा.

तुमचा,
बाळू