‘आहे का नाही’ एवढंच विचारायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

मिहान या नागपूरच्या उद्योग-वसाहतीतली ड्यूटी करून दमून आल्यावरही तुम्ही माझ्यासोबत लॅपटॉपपुढे बसलात. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही हसून उडवून लावले असते, म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या कळमन्याच्या अडतीत सेठना एक यादी हवी होती. मागच्या आंबिया बहाराला (हंगामाला) संत्रा पाठवला, पण यंदा एकही गाडी नाही, असे काटोल-नरखेड-वरुडकडचे बागायतदार. सगळ्यांना फोन करायचे होते. डेटाबेसमध्ये बागायतदारांचं टेबल (तक्ता) वेगळं, आवकेचं वेगळं. आधीपासून चालत आलेली ‘नॉट इन’वाली क्वेरी, म्हणजे ‘ज्यांचा क्रमांक यंदाच्या आवकेत नाही ते दाखव’ हा डेटाबेसला केलेला प्रश्न, मात्र कोरी यादी द्यायची.

तुम्ही आवकेतली एक नोंद दाखवली. तिथे बागायतदार क्रमांक नल होता. नल म्हणजे शून्य नाही, ‘माहीत नाही’. मग कुणाचाही क्रमांक त्या न कळलेल्या क्रमांकाहून वेगळाच आहे, असं डेटाबेस छातीठोक सांगणार कसा? त्या एका नोंदीपायी सगळे गळत होते. कुठे एरर नाही, काही नाही. सगळ्यात वाईट ते हेच, बाप्पा!

मागच्या हंगामातली नावं काढायला मी दोन्ही टेबलं जोडणारा जॉइन लावला, तर ज्याच्या जितक्या गाड्या तितक्यांदा त्याचं नाव. वरून प्रत्येक नाव एकदाच ठेवणारं डिस्टिंक्ट टाकायला निघालो, तर तुम्ही म्हणालात, “काहून जोडून राहिला रे? नोंद आहे का नाही, एवढंच विचार ना!” मग मागच्या हंगामासाठी ‘एक्झिस्ट्स’ (नोंद आहे) आणि यंदासाठी ‘नॉट एक्झिस्ट्स’ (नोंद नाही), दोन्ही एकाच व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटींच्या भागात. एक नोंद सापडली की उत्तर ठरलं, आणि नलचाही त्रास नाही. हंगामाची तारीख त्या त्या कंसाच्या आतच घालायची, हे तुम्ही दोनदा बजावलंत. यंदाची तारीख आत नसती, तर मागच्या वर्षीची आवकही मोजली गेली असती आणि यादी पुन्हा कोरी.

आवकेतल्या बागायतदार क्रमांकावर इंडेक्सही (नोंद पटकन शोधायची सूची) तुम्हीच टाकायला लावलात. सेठची चहा पिता पिता रिपोर्टची वाट पाहायची सवय त्यामुळे मोडली, त्याबद्दल ते तुमच्यावर थोडे नाराज आहेत.

फोन सुरू झालेत. आता सेठ विचारतात, यातल्या प्रत्येकाने मागच्या वर्षी किती क्विंटल दिले होते? त्याला जॉइन आणि नोंदींचे गट पाडणारा ग्रुप बायच लागेल ना? रविवारी येतो.

तुमचा,
अडतीतला कॉम्प्युटरवाला