माझ्या लेकीच्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा लेकीने ओळखपत्रासाठी फोटो काढला आणि या वेळी केस गालांवर ओढून घेतले नाहीत. तो फोटो पाहिला तेव्हाच ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं.

तुमच्याकडे येण्याआधी वर्षभर मी तिला एकच ऐकवत होते, "नीट तोंड धुत नाहीस, म्हणून पुटकुळ्या येतात." तुम्ही तिला पहिलाच प्रश्न विचारलात, "दिवसातून किती वेळा चेहरा धुतेस?" ती खाली बघत म्हणाली, "सात-आठ वेळा." मला धस्स झालं. माझ्या बोलण्यामुळे ही पोर बाथरूमचं दार लावून चेहरा खरवडत होती, आणि घरात असून मला ते कळलं नव्हतं.

तुम्ही मला दोष दिला नाहीत. भिंग माझ्या हातात देऊन तिच्या नाकावरचे काळे ठिपके दाखवलेत. "हा मळ नाही. रंध्राच्या तोंडाशी तेल आणि मृत पेशी घट्ट अडकल्यात. वरचा भाग उघडा राहतो, त्यातल्या मेलॅनिनमुळे, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्यामुळे, काळा दिसतो. घासून जाणार नाही." मग सगळं क्रमाने सांगितलंत. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, मुलींमध्येसुद्धा. त्यांच्यामुळे तैलग्रंथी मोठ्या होतात, जास्त तेल सोडतात. एरवी सुट्या होऊन बाहेर पडणाऱ्या पेशी आतच चिकटून राहतात आणि रंध्र बुजतं. त्या बंद जागेत एक जिवाणू फोफावतो, शरीर त्याच्याशी झुंजायला लागतं आणि आपल्याला लाल, दुखरी, पुवाची पुटकुळी दिसते. "तो जिवाणू हिने कुठून आणलेला नाही," तुम्ही म्हणालात, "तो तुमच्याही चेहऱ्यावर आहे, माझ्याही." ते ऐकून लेकीने पहिल्यांदा मान वर केली.

घरात आधी कोणाला असा त्रास होता का, हेही विचारलंत. तिच्या बाबांच्या गालांवरचे खड्डे मी लग्नापासून बघतेय. पण ते खड्डे आणि हिच्या पुटकुळ्या यांचा काही संबंध असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. पाळी नियमित आहे का, हनुवटीवर केस वाढतात का, हे तुम्ही का विचारत होतात, तेही समजावलंत. हार्मोन्सच्या बाजूने काळजीचं काही निघालं नाही.

खरी गोष्ट निघाली माझ्या पिशवीतून. चेहऱ्याला लावतो ते सगळं घेऊन या, असं तुम्ही सांगितलं होतंत. त्यात एक ट्यूब होती, कोणाच्या तरी सांगण्यावरून मीच आणलेली. ती लावली की दोन दिवसांत चेहरा नितळ दिसायचा, म्हणून मी खूश होते. तुम्ही तिच्यावरची बारीक अक्षरं वाचलीत आणि कपाळावरचे दाणे पुन्हा पाहिलेत. सगळे एकाच मापाचे, एकदमच उठल्यासारखे. त्या क्रीममध्ये स्टेरॉइड होतं. सूज तेवढ्यापुरती दबत होती आणि नवे दाणे मात्र त्यामुळेच येत होते. ते बंद केल्यावर काही दिवस चेहरा जास्तच बिघडेल, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत म्हणून आम्ही टिकलो.

चौथ्या आठवड्यात लेक आरशासमोर रडली. तुम्ही रात्री लावायला दिलेल्या अ‍ॅडापलीन या औषधाने त्वचा कोरडी पडली होती आणि फरक काहीच दिसत नव्हता. तेव्हा तुमचंच वाक्य मी तिला सांगितलं. आज वर दिसणारी पुटकुळी आत कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते, म्हणून औषधाला 8 ते 12 आठवडे द्यायचे. एरवी मी दुसऱ्या आठवड्यातच दुसरं काहीतरी आणून लावलं असतं.

आता ती दिवसातून दोनदाच, साध्या सौम्य फेसवॉशने चेहरा धुते. हात हनुवटीकडे गेला तर स्वतःच मागे घेते. पुटकुळी फोडली की आतली भिंत फाटून सूज खोलवर पसरते, हे तिच्या चांगलं लक्षात राहिलंय. गालावर अजून डाग आहेत, एखादा दाणाही येतो, पण ती त्याबद्दल माझ्याशी मोकळेपणाने बोलते. तुमच्याकडून निघाल्यावर जिन्यातच मी तिची माफी मागितली होती. ती काही बोलली नाही, फक्त माझा हात धरून उतरली.

मॅडम, मनापासून आभार. पुढच्या तपासणीला येताना तो फोटो ती स्वतः तुम्हाला दाखवणार आहे.

तुमची कृतज्ञ,
एक आई