आईपुढे सगळे आकडे ठेवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

माननीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

माझ्या आईच्या स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला नुकतेच एक वर्ष पूर्ण झाले. हे पत्र खरे तर तेव्हाच लिहायला हवे होते. परंतु तपासण्या, गोळ्या आणि घरातील लग्नकार्य यांत ते मागे पडले, याबद्दल क्षमस्व.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी दाखवले होते. आईचे वय 71, गाठ जेमतेम सव्वा सेंटीमीटरची. तेथे पाच मिनिटांत सांगण्यात आले, "पूर्ण स्तन काढून टाका, म्हणजे रेडिएशनसाठी रोज खेटे घालायला नकोत." नातेवाइकांचे म्हणणे त्याहून सोपे होते : या वयात हवे कशाला! आई काहीच बोलली नाही. तिला काय वाटते हे विचारण्याचे मलाही सुचले नाही, हे येथे कबूल करते.

आपल्या बाहेरच्या बाकांवर मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच वेळी ऐकू येत होती आणि प्रत्येकीशी आपण तिच्या भाषेत दोन शब्द तरी बोलत होता. आमची पाळी आली तेव्हा आपण खुर्ची माझ्याकडून वळवून आईसमोर घेतली आणि विचारले, "आजी, तुम्ही काय काम करत होता?" आईने तीस वर्षे विड्या वळल्याचे सांगितले. त्यानंतरचा सगळा हिशेब आपण विड्यांतच मांडला.

केसपेपरच्या मागे आपण काढलेले चित्र आजही आईच्या रेशन कार्डाच्या पिशवीत आहे. गाठ काढल्यावर उरलेली पोकळी, तिच्यात लिंबाएवढा गोळा आणि गोळ्याला जोडलेली नळी. भूल उतरण्यापूर्वीच हा गोळा त्या जागी बसवतात, त्वचा भाजू नये म्हणून ती त्याच्यापासून दूर धरतात आणि अर्ध्या-पाऊण तासात कमी शक्तीचे क्ष-किरण आतूनच देतात. गोळ्याच्या पृष्ठभागावर 20 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळते, एक सेंटीमीटर पलीकडे ती 5 ते 7 ग्रेवर येते, त्यामुळे फुप्फुस आणि हृदय बरेचसे वाचते, असे आपण सांगितले. ही पद्धत 1998 मध्ये लंडनला प्रथम वापरली गेली आणि ती घडवणाऱ्यांत जयंत वैद्य हे नाव आहे, हे ऐकून आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली : "आडनावच वैद्य की!"

परंतु आभार मानायचे आहेत ते त्यानंतर आपण जे सांगितले त्यासाठी. 2298 स्त्रियांवरील मोठ्या चाचणीत पाच वर्षांत त्याच स्तनात गाठ पुन्हा आली ती या पद्धतीने शंभरांतल्या सुमारे दोघींना, तर नेहमीच्या रेडिएशनने सुमारे एकीला. आपण विचारले, "आजी, चार कट्ट्यांत, म्हणजे शंभर विड्यांत, दोन छाट निघाल्या तर चालेल का?" येथेच थांबला असता तरी चालले असते. पण मिलानमध्ये दुसऱ्या यंत्राने केलेल्या अशाच चाचणीत हे अंतर बरेच मोठे निघाले, हेही आपण सांगितले. काढलेल्या गाठीचा अंतिम अहवाल वाईट आल्यामुळे पाचांतल्या साधारण एकीला नंतर पूर्ण स्तनाचे रेडिएशन घ्यावेच लागते, म्हणजे खेटे चुकतीलच असे नाही, हेही सांगितले. सत्तरीपुढच्या, लहान आणि हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनमुळे वाढणाऱ्या) गाठीच्या स्त्रिया शस्त्रक्रियेनंतर नुसत्या हार्मोनविरोधी औषधाच्या गोळ्यांवर राहिल्या तर दहा वर्षांत शंभरांतल्या सुमारे दहा जणींना गाठ परत येते, रेडिएशन घेतल्यास दोघींना, मात्र आयुर्मानात फरक दिसला नाही, हा पर्यायही आपण झाकून ठेवला नाही.

मला स्वतःला सोलापुरातच बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनच्या आठवड्याभराच्या पाच बैठका घ्याव्यात असे वाटत होते. त्या आपण दिल्या असत्या आणि त्यात आपलाच फायदा होता. शस्त्रक्रियेतल्या रेडिएशनसाठी तर आम्हाला परगावी जावे लागणार होते. तरीही आपण माझ्या बाजूने एक शब्दही टाकला नाही. आईने दोन दिवस घेतले आणि स्वतःच सांगितले, "रोज यंत्राखाली एकटीनं झोपायला नको, अन् काहीच केलं नाही ही रुखरुखबी नको." मला ते तेव्हा पटले नव्हते. आजही पूर्ण पटले आहे असे नाही, पण निर्णय तिचा होता आणि आयुष्यात असे निर्णय तिच्या वाट्याला फार आले नाहीत.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. जखमेत काही आठवडे पाणी साठत राहिले. तेव्हा रविवारी सकाळीही आपण फोन उचलला आणि ते सुईने काढून दिले. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, गाठीच्या कडाही मोकळ्या होत्या आणि पुढचे रेडिएशन लागले नाही. गोळी रोज रात्री जेवणानंतर घेते. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते, पण चुकवत नाही.

सोबत शेंगाचटणीचा डबा पाठवत आहे. आपण भेटवस्तू घेत नाही हे ठाऊक आहे, पण ही आईने स्वतः कुटलेली आहे, तेव्हा नाही म्हणू नये. आणि एक विनंती : पुढची मॅमोग्राफी जानेवारीत, नेमकी सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत येते. नंदीध्वजांची मिरवणूक पाहिल्यावरच येईन असा आईचा हट्ट आहे. त्यामुळे यात्रा उरकल्यानंतरची तारीख मिळाल्यास बरे होईल.

आपली कृतज्ञ,
आपल्या विडीवाल्या आजींची लेक
सोलापूर